बर्ड फ्लूची लस आहे, तर मग कोंबड्या का पुरायच्या?

डिसेंबर उजाडला की नाशिक जिल्ह्यातल्या नांदूरमध्यमेश्वरच्या पाण्यावर स्थलांतरित बदकांचे थवे उतरतात, त्यांच्यासोबत बर्ड फ्लूचा विषाणू येऊ शकतो, आणि निफाड-सिन्नर पट्ट्यातल्या पोल्ट्रीवाल्यांची झोप उडते. शहरातून दुर्बिणी घेऊन येणाऱ्यांना जे पाहुणे वाटतात, त्यांच्याकडे हा माणूस कर्जाच्या हप्त्याच्या नजरेने बघतो.

माझा एक मावसभाऊ निफाड तालुक्यात लेयर, म्हणजे अंड्यांवरच्या कोंबड्या, सांभाळतो. बारा हजार पक्षी. (पोल्ट्रीवाले सहसा कोंबडी म्हणत नाहीत, पक्षीच म्हणतात.) गेल्या थंडीत त्याने मला एक फॉरवर्ड पाठवला, 'बर्ड फ्लूवर भारतीय लस बाजारात', आणि पाठोपाठ फोन आला. "गायीला लम्पीची लस गावात येऊन टोचून गेले. कुत्र्याला मिळते, माणसाला मिळते. माझ्या पक्ष्यांनी काय घोडं मारलंय?"

प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, सांगतो, पण फोनवर मावणार नाही. त्याला पुढे बसून जे सांगितलं, तेच इथे जरा सविस्तर.

## आधी नावातला घोळ

'बर्ड फ्लू' हे एका रोगाचं नाव नाही, ते आडनाव आहे. घरात माणसं बरीच, काही शांत, काही माथेफिरू. या विषाणूच्या अंगावर दोन तऱ्हेचे काटे असतात. एकाला एच म्हणतात, दुसऱ्याला एन. एच ही पेशीचं दार उघडणारी किल्ली. आत शिरून विषाणूची पिल्लावळ तयार झाली की तिला पेशीपासून कापून मोकळी करणारी कात्री म्हणजे एन. किल्ल्यांचे आणि कात्र्यांचे वेगवेगळे नमुने सापडले, त्यांना क्रमांक दिले, आणि त्यातून एच५एन१, एच९एन२ अशी गाड्यांच्या नंबरप्लेटसारखी नावं तयार झाली.

आपल्या कामाचे दोनच. एच५एन१ हा माथेफिरू. शेडमध्ये शिरला तर तुरे निळे पडतात, माना टाकलेल्या पक्ष्यांचा खच पडतो आणि काही दिवसांत शेड रिकामं होतं. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला भारतातली पहिली साथ आली ती याचीच. एच९एन२ त्या मानाने सौम्य. पक्षी खोकतात, अंडी घटतात, सोबतीला दुसरा रोग असेल तर मर वाढते. पोल्ट्रीवाल्याचं नुकसान दोन्हींत होतं, पण एकात हात भाजतो आणि दुसऱ्यात घर जळतं.

फॉरवर्डमधली लस एच९एन२ ची होती. भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेने ती तयार केली, २०२२ मध्ये तिचं तंत्र चार कंपन्यांना दिलं आणि केंद्राने वापरायला परवानगीही दिली. म्हणजे बातमी खोटी नव्हती. पण लस ही गेटवरच्या वॉचमनला दाखवलेल्या फोटोसारखी असते. ज्याचा फोटो दाखवला, त्यालाच तो अडवतो. एच९ चा फोटो पाहिलेला वॉचमन एच५ ला सलाम ठोकून आत सोडतो. दुकानदार 'बर्ड फ्लूची लस' म्हणून बाटली पुढे करतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो, अर्धंच बोलत असतो.

एच५ वर जगात लशी आहेत. भारतात त्या पक्ष्यांना टोचायला परवानगी नाही. आपलं धोरण आहे पक्षी नष्ट करण्याचं.

## मारण्यामागचं गणित

नमुना आधी पुण्याच्या रोग अन्वेषण विभागात आणि तिथून भोपाळला जातो. भोपाळने होकार भरला की फार्मभोवती १ किलोमीटरचा भाग बाधित ठरतो आणि तिथले पक्षी मारून, चुना टाकून खोल खड्ड्यात पुरतात. १० किलोमीटरपर्यंतच्या भागावर पाळत ठेवतात. वणव्यापुढे जंगल खातं जाळरेषा काढतं, पुढचं गवत आपणच जाळून टाकतं, तोच हा विचार. विषाणूला पुढे जायला पक्षीच शिल्लक ठेवायचा नाही.

भरपाई मिळते. २०२१ च्या साथीत राज्यात मोठ्या लेयर पक्ष्याला ९० रुपये, मोठ्या ब्रॉयलरला, म्हणजे मांसासाठीच्या पक्ष्याला, ७० रुपये आणि अंड्याला ३ रुपये असा दर होता. ज्याने पिल्लू आणून वीस आठवडे नुसतं खाद्य घातलं आणि अंडी सुरू व्हायच्या तोंडावर शेड गमावलं, त्याला हा आकडा ऐकवून पाहा.

जाळरेषा चालते, पण आग जमिनीवरून येत असेल तर. इथे ठिणगी आभाळातून पडते. २००६ ला नवापूर, २०२१ ला परभणीतलं मुरुंबा, २०२५ च्या जानेवारीत उरणजवळचं चिरनेर. त्याच सुमारास उदगीरला कावळे मेले आणि नागपूरच्या गोरेवाड्यातले वाघसुद्धा एच५एन१ ने दगावले. जंगली पक्ष्यांत विषाणू मुरला, की फार्मभोवतीचं वर्तुळ आखून तो संपत नाही. म्हणूनच लशीचा विषय पुन्हा पुन्हा निघतो. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय पशुसंवर्धन विभागाने दिल्लीत पोल्ट्री उद्योगासोबत बैठक घेतली, तिथे उद्योगाने एच५ च्या लशीचा विचार करा असा आग्रह धरला. त्यावर उत्तर मिळालं ते असं: आज मिळणाऱ्या लशी विषाणूचा शिरकाव पूर्ण थांबवत नाहीत, फक्त विष्ठेतून आणि श्वासातून बाहेर पडणारा विषाणू कमी करतात, तेव्हा आधी शास्त्रीय तपासणी करू. हे टाळाटाळीचं वाक्य वाटेल, पण सगळी मेख त्यातच आहे.

## मरत नाही, ही चांगली गोष्ट की वाईट?

एच५एन१ आला हे फार्मवर कशावरून कळतं? मर वाढते यावरून. मेलेला पक्षी हीच आपली घंटा.

आता समजा शेडमधल्या निम्म्या पक्ष्यांना नीट लस लागली आणि निम्म्यांना अर्धवट. विषाणू आला, चार-दोन पक्षी मेले, बाकीचे दोन दिवस सुस्त राहून पुन्हा खाद्याला लागले. मालक म्हणणार, उन्हाचा त्रास असेल. तोवर अंड्यांच्या ट्रेवरून, खताच्या ट्रॅक्टरवरून, गिऱ्हाइकाच्या चपलेवरून विषाणू पुढच्या गावी पोचलेला. घंटेवर आपणच कापड गुंडाळलं.

दुसरं दुखणं द्राक्षवाल्यांना सांगायलाच नको. द्राक्षावरच्या डाऊनी बुरशीवर एकच औषध, तेही हात आखडून, पुन्हा पुन्हा मारलं तर काय होतं? जी बुरशी तग धरते तिचाच पुढे बागभर वंश वाढतो आणि पुढच्या वर्षी तेच औषध पाण्यासारखं वाटतं. फ्लूचा विषाणू तर किल्लीचे दाते सतत बदलत असतो. अपुऱ्या लशीचे पक्षी म्हणजे त्याची तालीमच. इजिप्तने २००६ मध्ये एच५ ची लस सुरू केली. ती सगळीकडे सारखी पोचली नाही, लशीतला नमुना जुना राहिला आणि विषाणू पुढे सरकला. रोग तिथे कायमचा वस्तीला आला.

मग लसच नको? थांबा, दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. चीनमध्ये एच७एन९ नावाचा भाऊबंद माणसांना मारत होता. २०१६-१७ च्या एका मोसमात ७०० हून जास्त माणसं आजारी पडली. सप्टेंबर २०१७ पासून कोंबड्यांना एच५ आणि एच७ अशी जोड लस सक्तीची झाली आणि पुढच्या मोसमात माणसांतल्या केसेस हाताच्या बोटांवर आल्या. फ्रान्सने ऑक्टोबर २०२३ पासून २५० हून जास्त बदकं असलेल्या फार्मना लस सक्तीची केली. त्याआधीच्या मोसमांत शेकडो फार्मवर उद्रेक व्हायचे, लशीच्या पहिल्या मोसमात ते १० वर आले.

फ्रान्स आणि इजिप्त यांच्यातला फरक बाटलीतल्या औषधापुरता नव्हता. फ्रान्सने टोचून झाल्यावर पाळत सोडली नाही. मेलेली बदकं दर आठवड्याला तपासायची, जिवंत बदकांचे नमुने दर महिन्याला घ्यायचे. घंटेवर कापड गुंडाळलं खरं, पण शेजारी माणूस बसवला.

तो माणूस ओळखणार कसं, की रक्तातली प्रतिकारशक्ती लशीने आली की रोगाने? यासाठी 'डिव्हा' म्हणून एक पद्धत आहे. मतदानाच्या शाईसारखं समजा. लशीत विषाणूचा फक्त किल्लीचा भाग असेल तर लस घेतलेल्या पक्ष्याच्या एकाच बोटाला शाई लागते. खरा विषाणू येऊन गेला असेल तर त्याच्या बाकीच्या भागांचीही खूण उमटते, दुसरं बोटही रंगतं. प्रयोगशाळा दुसरं बोट बघते. मात्र सगळ्याच लशींना हे जमत नाही. अख्खा विषाणू मारून केलेल्या जुन्या पद्धतीच्या लशीत दोन्ही बोटं रंगतात आणि तपासणाराही चक्रावतो. म्हणून स्वस्त मिळते ती लस घ्या, असं इथे चालत नाही.

## बाटलीपासून मानेपर्यंत

मी एकदा सिन्नरकडच्या एका लेयर शेडवर मानमोडी, म्हणजे राणीखेत, या कोंबड्यांच्या रोगाची 'किल्ड' लस टोचताना रात्रभर बसलो होतो. एच५ ची लस उद्या आलीच तर बहुतेक याच वाटेने येईल, म्हणून तो प्रसंग जरा जवळून सांगतो.

पोल्ट्रीत लशी दोन जातींच्या. जिवंत लस, उदाहरणार्थ लासोटा, पाण्यातून पाजता येते नाहीतर डोळ्यात थेंब टाकता येतो. तहानलेले पक्षी तासाभरात पिऊन मोकळे. मारलेल्या विषाणूची, म्हणजे किल्ड, लस मात्र तेलात घोटलेली असते आणि एकेका पक्ष्याला टोचावी लागते. अर्धा मिली, एक पक्षी, एक टोच. ५०० मिलीच्या बाटलीत १००० डोस. मावसभावाच्या बारा हजार पक्ष्यांना बारा बाटल्या, म्हणजे स्कूटीच्या पुढच्या जागेत मावेल एवढं खोकं. लस वाहून आणणं हा भाग इतकाच आहे.

खोक्यातलं तापमान ही दुसरी गोष्ट. २ ते ८ अंश. नाशिकला थंडाव्याची साखळी कुणी शिकवायची गरज नाही, द्राक्षाच्या पॅकहाऊसांनी ती कधीच शिकवली आहे. पण द्राक्ष शून्याच्या आसपास सुखात राहतं. ही लस तिथे गोठली की तेल आणि पाणी फाटतं, जसं दूध नासतं. नंतर कितीही हलवा, जुळून येत नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात लस तापेल याची धास्ती सगळ्यांना असते, गोठेल याची कुणालाच नसते. थर्मोकोलच्या डब्यात बर्फाच्या विटेला थेट टेकलेली कडेची बाटली हमखास बिघडते, आणि बाहेरून ती मधल्या बाटलीसारखीच दिसते. तालुक्याच्या एका दुकानात मी लशीच्या बाटल्या कोल्ड्रिंकच्या बाटल्यांमागे, बर्फाच्या कप्प्याला चिकटून ठेवलेल्या पाहिल्यात. दुकानदार अभिमानाने म्हणाला, "एकदम चिल्ड ठेवतो, साहेब."

टोचायच्या आधी बाटली काही तास बाहेर काढून कोमट होऊ द्यायची. थंड तेल घट्ट असतं, सुईतून नीट उतरत नाही आणि पक्ष्याच्या अंगात गाठ धरतं. हे मला त्या रात्रीच्या टोळीच्या म्होरक्याने सांगितलं. सहा माणसं होती. मंद उजेडात पिंजऱ्यातून पक्षी काढायचा, पंख दाबून धरायचा, दुसऱ्याने मानेची कातडी चिमटीत उचलून ऑटोमॅटिक सिरिंजचा खटका दाबायचा, पक्षी परत आत. टक्, टक्, टक्. पहिल्या तासाला बघत राहावं असं काम. तिसऱ्या तासाला म्होरक्याने एका पोराला थांबवलं, त्याच्या हातातल्या पक्ष्याच्या मानेवरून अंगठा फिरवला आणि शिवी हासडली. पिसं ओली होती. सुई कातडीतून आरपार गेली होती, लस पक्ष्यात न जाता पिसांत गेली होती. "हा पक्षी वहीत टोचलेला आणि अंगात कोरडा," तो म्हणाला.

या एका वाक्यासाठी मी ही रात्र सांगितली. सरकारी तक्त्यात 'डोस वाटप शंभर टक्के' असं छापून येतं तेव्हा अशा ओल्या पिसांची नोंद कुठे होते? काही आठवड्यांनी रक्त तपासलं तरच ती कळते. ते तपासायला सुई लागते, प्रयोगशाळा लागते आणि कुणीतरी विचारायला लागतं.

आणखी एक पेच. पहाटे ती टोळी तिथून निघाली, तीच दुसऱ्या रात्री दुसऱ्या गावच्या शेडवर. बूट तेच, सिरिंजची पेटी तीच. साधी राणीखेतची लस देताना हे चालून जातं. एच५ परिसरात फिरत असताना लस देणारी टोळीच रोगाची टपालगाडी होऊ शकते. त्यामुळे लशीच्या पुरवठ्यात बाटलीइतकीच नवी सुई, बूट बुडवायला जंतुनाशकाचा फूटबाथ, फार्मवरचे फार्मवर राहणारे गमबूट आणि एका दिवसात एकच फार्म हा नियम, हे सगळं मोजावं लागतं. डोसच्या किमतीत हे कुणी धरत नाही.

## हंड्यात की धरणावर?

२०१९ च्या पशुगणनेनुसार देशात ८५ कोटींवर कोंबड्या आणि इतर पाळीव पक्षी आहेत. प्रत्येकाची मान चिमटीत धरायची म्हटलं तर हा विषय इथेच मिटवावा लागेल. पण शहराचं पाणी शुद्ध करताना आपण प्रत्येक घरी जाऊन हंड्यात औषध टाकत नाही, गंगापूर धरणाचं पाणी शुद्धीकरण केंद्रातून जातं तिथेच टाकतो. पोल्ट्रीतलं ते केंद्र म्हणजे हॅचरी, जिथे अंड्यांतून पिल्लं काढतात. फार्म हजारो, हॅचऱ्या मोजक्या.

लेयरच्या एक दिवसाच्या पिल्लाला हॅचरीतच मॅरेक्स रोगाची लस मानेत टोचतात. त्या लशीतल्या निरुपद्रवी विषाणूच्या पाठीवर एच५ ची किल्ली बसवलेल्या लशी जगात आहेत. एक टोच, दोन कामं, आणि डिव्हाची परीक्षाही पास. मात्र ती लस फ्रीजमध्ये चालत नाही, उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवावी लागते आणि वितळवली की तास-दोन तासांत संपवावी लागते. ऐकायला अंतराळयानासारखं वाटतं, पण गायींच्या कृत्रिम रेतनासाठी तसाच वाफा सोडणारा कंटेनर आपल्या गावोगावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत वर्षानुवर्षं आहे. तंत्र नवं नाही. नवी असेल ती शिस्त. आणि लेयर दीड-एक वर्ष जगतो, त्यामुळे हॅचरीतल्या एका टोचेवर भागत नाही. पुढे बूस्टर लागतो आणि बूस्टर म्हणजे पुन्हा शेड, पुन्हा टोळी, पुन्हा ओली पिसं.

## ब्रॉयलरचं काय?

नाशिक म्हटलं की पोल्ट्रीच्या धंद्यात आधी ब्रॉयलरच आठवतो. इथला जिवंत पक्ष्याचा दर रोज पेपरात छापून येतो. पण ब्रॉयलर चाळीसेक दिवसांत गाडीत चढतो. टोचल्यावर प्रतिकारशक्ती उभी राहायला दोन-तीन आठवडे लागतात. त्यातून आईकडून अंड्यावाटे आलेली प्रतिकारशक्ती पिल्लाच्या अंगात असते, ती लशीला रुजू देत नाही. म्हणजे छत्री विकत घेऊन उघडेपर्यंत पाऊस थांबलेला. माझं सरळ मत, ब्रॉयलरला शेडमध्ये एच५ टोचण्यात पैसा घालू नये. तोच पैसा जाळ्या, चुना आणि गाड्या धुण्यावर घालावा.

## "आपण कुठे परदेशात कोंबड्या विकतो?"

हा आक्षेप मावसभावाने घेतलाच. अंडी परदेशी जातात ती मुख्यतः तमिळनाडूतल्या नामक्कलहून, मग नामक्कलचं दुखणं निफाडने का भोगायचं?

त्याच्या थोरल्या भावाची द्राक्षबाग आहे, म्हणून त्याला २०१० आठवायला लावलं. द्राक्षात सीसीसी या वेलीची वाढ आवरणाऱ्या रसायनाचा अंश सापडला आणि युरोपात आपल्या मालाचं काय झालं? ज्याने ते कधी हातात धरलं नव्हतं, त्याचाही कंटेनर संशयात आला. गिऱ्हाईक बागेचं नाव वाचत नाही, देशाचं वाचतं. पोल्ट्रीतही तसंच. फ्रान्सने लस सुरू करताच अमेरिकेने तिथल्या पोल्ट्री मालावर बंधनं घातली. लस घेतलेल्या पक्ष्यात विषाणू लपला नसेल कशावरून, एवढाच त्यांचा सवाल. भारताने २०२३ मध्ये महाराष्ट्रासह चार राज्यांतल्या २६ पोल्ट्री संकुलांना 'बर्ड फ्लूमुक्त' अशी जागतिक पशुआरोग्य संघटनेची मान्यता मिळवली. लस सुरू केली तर त्या कागदाचं पुढे काय, हे आधी ठरवावं लागेल.

पण २०१० नंतर नाशिकने द्राक्ष पाठवणं बंद केलं का? नाही. प्लॉटची नोंद, फवारणीची वही, प्रयोगशाळेचा दाखला, पेटीवरून थेट बागेपर्यंत माग. त्या वहीच्या जोरावर माल पुन्हा गेला. पोल्ट्रीला तसाच माग लागेल, कोणत्या शेडला कोणत्या दिवशी कोणत्या बॅचची लस. तो नसेल तर लस परवडणार नाही, मग ती फुकट का मिळेना.

## पैसे कुणाचे?

फ्रान्समध्ये पहिल्या वर्षी खर्चाचा ८५ टक्के भार सरकारने उचलला, दुसऱ्या वर्षी ७० टक्के. आपल्याकडे आधी पक्षी कुणाचा ते विचारावं लागतं. करारावरच्या ब्रॉयलरमध्ये पिल्लू, खाद्य, औषध कंपनीचं. शेड, तूस, वीज आणि रात्रीचं जागरण शेतकऱ्याचं. तिथे लशीचा निर्णयही कंपनीच घेणार. लेयरवाला बहुधा स्वतःच्या जिवावर असतो, बाटलीही त्याची आणि बुडीतही त्याचंच. लस सुरू झाली तर हा माणूस सगळ्यात आधी दुकानातून सुटी बाटली आणून स्वतःच टोचू बघेल, आणि मी त्याला दोष देणार नाही. म्हणून एच५ ची लस सुटी विकायला ठेवूच नये. पशुसंवर्धन विभागाच्या देखरेखीत, फार्मच्या नोंदणी क्रमांकावर, मोजून द्यावी आणि रिकाम्या बाटल्या मोजून परत घ्याव्यात. महागडं वाटेल, पण २००६ पासूनचे खड्डे स्वस्तात पडलेत का?

## सुरगाण्याच्या बाजारातली कोंबडी

देशातल्या पक्ष्यांपैकी ३१ कोटींहून जास्त परसातले आहेत. सुरगाणा, पेठ, हरसूलच्या आठवडी बाजारात पाय बांधून आणलेली गावरान कोंबडी दोन-तीन घरं फिरून ताटात जाते. तिला शोधून टोचणं आणि चार महिन्यांनी पुन्हा सापडणं, दोन्ही अवघड. इजिप्तचाही घास इथेच अडकला. परसात आधी राणीखेतची लस तरी नियमित पोचावी, म्हणजे एरवीची मर कमी होईल आणि एकदम चार-पाच कोंबड्या गेल्या तर आजीबाई 'मानमोडी आली' म्हणून गप्प न बसता दवाखान्यात सांगतील.

## आणि खाणाऱ्यांचं?

थोडक्यात. ७० अंशांवर नीट शिजलेल्या मांसात, अंड्यात हा विषाणू टिकत नाही. रस्सा उकळला की प्रश्न मिटला. धोका आहे तो आजारी पक्षी हाताळणाऱ्याला. भारतात २०२१ मध्ये हरियाणाच्या एका मुलाचा एच५एन१ ने मृत्यू झाला. आजारी पक्षी सोलू नये, पोरांना त्याच्याशी खेळू देऊ नये.

## मग निफाडच्या माणसाने आज काय करायचं?

परवानगी आली तर सुरुवात कुठून व्हावी, याबद्दल माझं मत पक्कं आहे. आधी ब्रीडर, म्हणजे पिल्लांचे आई-बाप. मग लेयर, तेही नांदूरमध्यमेश्वरसारख्या पाणथळींच्या आसपासचे. त्यांच्या प्रत्येक शेडमध्ये खुणेचा छल्ला घातलेले थोडे पक्षी बिनलशीचे ठेवायचे. ते मेले, म्हणजे घंटा वाजली.

तोवर तीन गोष्टी हातात आहेत. दिल्लीच्या त्याच बैठकीत सगळ्या फार्मना नोंदणी करायला सांगितलंय, ती करून टाकावी. ज्याचं शेड कागदावर नाही त्याला ना भरपाईची खात्री, ना उद्याच्या लशीची. बाटली घेताना लेबलवर एच नंतरचा आकडा वाचावा. आणि मर वाढली तर पक्षी विकून मोकळं व्हायचा मोह आवरून दवाखान्यात फोन करावा.

हे सगळं ऐकून मावसभावाने खिळ्याला अडकवलेली वही काढली. अंडी, खाद्य, मर, रोजच्या रोज लिहिलेलं, अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. मी विचारलं, राणीखेतची शेवटची किल्ड कोणत्या बॅचची होती? त्याने पानं उलटली. 'लस दिली', एवढंच होतं. बाटल्या? त्या मागच्या खड्ड्यात टाकून त्यावर माती लोटली होती.

महिन्याने गेलो तेव्हा वहीत पट्टीने नवा रकाना आखलेला होता. वर लिहिलं होतं, बॅच नंबर. खाली अजून कोरा होता, पुढची लस मार्चमध्ये.